सहकारी किराणा दुकान काढायचंय? गाळा नंतर बघा, आधी यादी काढा

चार घरं एकत्र आली, जरा उत्साह आला, की पहिला प्रश्न काय तर गाळा कुठे बघायचा. थांबा जरा. गाळा घेतला की भाडं सुरू, आणि आधीचे तीन-चार महिने नुसती एकत्र खरेदी करून बघितली तर एक रुपयाही भाडं जात नाही. दहा-पंधरा घरांनी महिन्याच्या याद्या काढायच्या, एकत्र करायच्या, पैसे आधी गोळा करायचे आणि होलसेलमधून आणलेलं पोतं कुणाच्या तरी घरी फोडून वाटून घ्यायचं. यात कळतं की कुठला माल खरंच दर महिन्याला लागतो, आणि हेही कळतं की कोण ग्रुपवर नुसता अंगठा दाखवतंय आणि पैसे द्यायच्या वेळी गायब होतंय. हे दुसरं जास्त कामाचं.

या प्रकारच्या दुकानांचं मूळ बघितलं तरी तेच दिसतं. इंग्लंडमधल्या रॉचडेलला विणकर आणि इतर कारागीर अशा २८ जणांनी थोडे थोडे करत २८ पौंड जमवले आणि २१ डिसेंबर १८४४ ला टोड लेनवर दुकान उघडलं, तेव्हा आत माल म्हणाल तर मोजक्या चार-पाच वस्तू. तेव्हा भेसळ आणि उधारी या दोन्हींनी गरीब माणूस पिचलेला, म्हणून यांचे नियम साधे होते, माल चोख, वजन पूर्ण, व्यवहार रोखीनं.

रोखीचा नियम तुम्हीही पहिल्याच मीटिंगमधे पक्का करा. उधारी एकदा सुरू झाली की ती बहुतेक कमिटीतल्याच कुणाच्या तरी ओळखीनं सुरू होते, आणि मग शेजाऱ्याकडे मागायला जायचं कुणी? दुकान तिथेच बसतं.

भावाचं पण तसंच आहे. पहिल्या दिवसापासून स्वस्त विकायचा मोह होतो, पण मग सांडलवंड, खराब माल, वजनातली घट हे भरून कुठून काढणार? रॉचडेलवाल्यांनी साधारण बाजारभावानंच विकलं आणि उरलेला नफा ज्यानं जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत वाटला. म्हणून प्रत्येक बिल सभासद नंबरवर लिहा, नाहीतर वर्षाअखेरीला वाटप कशाच्या आधारावर करणार. मत मात्र माणशी एकच, सभासदानं भांडवलात घातलेले शेअर कितीही असोत.

नोंदणीचे कायदे प्रत्येक देशात वेगळे, ते तिथे विचारूनच करा. उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, एक कलम लोक हमखास विसरतात, सभासद दुसरीकडे राहायला गेला तर त्याचे शेअरचे पैसे कधी आणि कसे परत द्यायचे.

कामाचं म्हणाल तर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या पार्क स्लोप फूड कोऑप या सहकारी दुकानामधे, जे १९७३ पासून चालू आहे, सभासदांना ठरावीक पाळी करावीच लागते. तुम्हीही पाळ्या लावा, पण गल्ला आणि स्टॉक सांभाळायला एक पगारी माणूस ठेवाच, कारण फुकटातला उत्साह किती टिकतो ते आपल्याला माहितीय. आणि महिन्याची स्टॉक मोजणी त्या माणसानं एकट्यानं नाही, दुसऱ्या दोघांनी करायची.

एवढं बसलं की मग गाळा बघा, छोटाच. ज्यांच्या घरी पोती पडतायत ते एव्हाना रोज विचारत असतीलच, कधी हलवताय म्हणून.