मुलाच्या यकृताला मावशीचं माप लावू नका

कावीळ म्हटलं की आपल्या इंदूरात पहिला सल्ला उसाच्या रसाचा, दुसरा पिलिया झाडून घेण्याचा. पावसाळ्यातली हेपॅटायटिस एची कावीळ बहुतेकदा आपली आपण उतरते आणि श्रेय झाडणाऱ्याला मिळतं. ऑटोइम्यून हेपॅटायटिसमध्ये मात्र शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते. मोठ्या माणसांत हा आजार पुष्कळदा नुसत्या थकव्यावर, सांधेदुखीवर दिवस काढतो. मुलांत तो अनेकदा साध्या काविळीचं सोंग घेऊन येतो, आणि निदान होईतो कित्येकांचं यकृत आधीच आकसलेलं असतं. कावीळ लांबली किंवा उतरून परत आली, तर मुलांच्या यकृततज्ज्ञाला दाखवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रिपोर्ट वाचण्यात. मोबाइलवर पीडीएफ आला की तो फॅमिली ग्रुपवर पडतो, मग हाच आजार असलेल्या मावशीच्या जुन्या रिपोर्टशी ताडून पाहणं सुरू. एएनए आणि एसएमए या अँटीबॉडीज, म्हणजे स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीच्या रक्तातल्या खुणा, मोठ्यांत साधारण १:४० (रक्ताचा नमुना इतका पातळ करूनही सापडल्या तर) पासून पुढे मोजतात; मुलांत १:२० लाही अर्थ असतो, एलकेएम-१ या तिसऱ्या अँटीबॉडीला तर १:१० लासुद्धा. त्यामुळे छापील ‘निगेटिव्ह’वर समाधान मानू नका. एलकेएम-१ ची तपासणी मुळात सांगितली होती का, तेही बघा. या अँटीबॉडीशी जोडलेला ऑटोइम्यून हेपॅटायटिसचा टाइप २ हा प्रकार मुख्यतः मुलांचाच आजार आहे, मोठ्यांत विरळा.

रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढलेलं दिसलं की घरचे घाबरतात. वाढत्या हाडांमुळे मुलांत ते तसंही जास्तच असतं. पित्तनलिकांसाठी जीजीटी हे दुसरं एन्झाइम बघायचं. मुलांत या नलिकांचाही आजार सोबत सापडतो, म्हणून डॉक्टरांनी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) सांगितलं तर ‘मावशीला तर नव्हतं लागलं’ म्हणून टाळू नका. आणि विल्सन डिसीज, म्हणजे यकृतात तांबं साठण्याचा आजार, हुबेहूब असाच दिसू शकतो. मुलांत तो तपासून बाजूला काढल्याशिवाय निदान पक्कं धरू नये.

औषधांचंही तेच. मुलांचा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा सुरुवातीचा डोस वजनावर ठरतो: दिवसाला किलोमागे २ मिलिग्रॅमपर्यंत, कमाल ६०. म्हणजे तीस किलोच्या मुलीचा डोस मावशीच्या ४० मिलिग्रॅमहून जास्त असू शकतो. आजी हळहळते, ‘एवढ्याशा जिवाला एवढं स्टेरॉइड!’ म्हणून गोळी अर्धी करायची नाही. सोबतच्या अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधामुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, तेव्हा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, चुकवू नका.

एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणी नॉर्मल आली की औषध थांबवायचं, ही चूक लहानमोठे सगळेच करतात. पण टाइप २ मध्ये औषध बहुधा जन्मभर चालतं. चेहरा सुजतो, पुरळ येतं, म्हणून दहावी-अकरावीतली मुलं गुपचूप गोळ्या टाकून देतात. रागावण्याआधी डॉक्टरांना सांगा; डोस कमी करत नेण्याची त्यांची पद्धत असते. गुळवेलीचा काढा मात्र घरात कुणीच सुरू करू नये. त्यानंतर ऑटोइम्यूनसारखीच यकृताची इजा झालेले रुग्ण भारतात नोंदले गेले आहेत. आणि कांजण्या, एमएमआरसारख्या जिवंत लशी यकृततज्ज्ञाला विचारल्याशिवाय देऊ नका.