ई-व्हिसाचा अर्ज भरताना ओळख कशी पटवावी: आधार बाजूला ठेवा, पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी वाचा

व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायला बसलात की आधार कार्ड कपाटात ठेवून या. आमच्या सीमाभागात सल्ला नेमका उलटा मिळतो: "आधारवर आहे तसंच नाव टाक, काही होत नाही." होतं. बेळगाव-खानापूरकडच्या ओळखीच्या लोकांचे अर्ज मी भरून देतो, आणि अडकून माझ्याकडे आलेले बहुतेक अर्ज नावाच्याच रकान्यात अडकलेले असतात. परदेशी कार्यालयाच्या लेखी तुम्ही म्हणजे तुमचा पासपोर्ट. व्हिएतनाम किंवा श्रीलंकेच्या ऑनलाइन अर्जाला आधार लागत नाही.

संकेतस्थळ. सरकारीच उघडा. व्हिएतनामच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन असतं, श्रीलंकेच्या जीओव्ही डॉट एलके. शोधात सगळ्यात वर येणारी जाहिरात बहुधा दलालाची असते. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या, एजंटचा नको. ओटीपी आणि निकाल त्याच्या फोनवर गेला की तुमच्या हातात काही उरत नाही.

पासपोर्टच्या पानाचा फोटो. फ्लॅश बंद, खिडकीजवळ पण उन्हात नाही, चारही कोपरे दिसले पाहिजेत. खालच्या दोन ओळींवर बोट आलं किंवा प्लॅस्टिकची चकाकी आली तर पुन्हा काढा.

आता नाव. इथे घाई नको.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन लांब ओळी असतात, प्रत्येकी 44 खुणांच्या. यंत्र त्याच वाचतं. पहिल्या ओळीत पी, मग आयएनडी, मग आडनाव, मग बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा, आणि त्यानंतर नाव. दोन खुणांच्या आधी आहे ते आडनावाच्या रकान्यात, नंतर आहे ते नावाच्या रकान्यात. यात स्वतःची अक्कल लावायची नाही.

आपल्याकडे घोळ होतो त्याची कारणं आहेत. मराठी घरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत. पण शाळा कर्नाटकातली, म्हणून दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आधारवर कन्नड आणि इंग्रजी. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की जाधवमधला एच गळतो, आणि चव्हाण तर तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. एकाच घरात बाप, मुलगा आणि सून यांच्या आडनावाची इंग्रजी अक्षरं वेगळी असतात. यातलं बरोबर कोणतं हा प्रश्न व्हिसाच्या अर्जात विचारायचाच नाही. पासपोर्टवर जे आहे ते, चुकलेलं दिसत असलं तरी तेच.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे आडनावाची जागा रिकामी आणि नावाच्या जागी "सुरेश आर पाटील" सलग. असे पासपोर्ट आमच्या भागात पुष्कळ आहेत. एजंट म्हणतात, पाटील उचलून आडनावात टाका. टाकू नका. अर्ज एक सांगणार आणि खालची ओळ दुसरंच. विमानतळावर कुणी अडवलं तर एजंट तिथे नसतो. त्या देशाच्या अर्जातली सूचना वाचा, प्रत्येकाची रीत वेगळी आहे. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-160 या ऑनलाइन अर्जात पासपोर्टवर एकच रकाना भरलेला असेल, तर ते पूर्ण नाव आडनावात आणि नावाच्या जागी एफएनयू (म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) ही तीन अक्षरं लिहायची असतात. संयुक्त अरब अमिरातीने 21 नोव्हेंबर 2022 पासून, पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश बंद केला. आपली कितीतरी पोरं दुबईला जातात, त्यांच्या आईवडिलांनी भेटीला जाण्याआधी हे पाहावंच.

माझं मत स्पष्ट आहे: प्रवासाला अवकाश असेल तर आधी पासपोर्टच दुरुस्त करा. तपशिलात बदल म्हणून पुन्हा जारी करण्याचा अर्ज करायचा, नाव आणि आडनाव वेगळं मागायचं. 36 पानांच्या पुस्तिकेला 1,500 रुपये, तत्काळला वर 2,000. बेळगावच्या टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रात हे काम होतं. आधार आणि पॅनवरची अक्षरं त्याआधी एकसारखी करून घ्या. आधारचं काम ते इथे आहे, व्हिसाच्या अर्जात नाही. आणि नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत व्हिसाचा अर्ज करू नका, कारण नंबर बदलतो आणि जुन्या नंबरवरचा ई-व्हिसा वाया जातो.

नंबर आणि जन्मतारीख. पानाचा फोटो चढवला की काही संकेतस्थळं रकाने आपोआप भरतात. त्यावर विसंबू नका. भारतीय पासपोर्टच्या नंबरात पहिलं एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. म्हणजे पहिल्या जागेनंतर गोल दिसलं तर ते शून्यच, ओ नाही. खालच्या दुसऱ्या ओळीत जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशी असते: 850307 म्हणजे 7 मार्च 1985. शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून लावून दिला असेल आणि पासपोर्टवर तोच असेल, तर अर्जातही तोच.

जन्मस्थळ. बेळगावचं इंग्रजी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं. जुन्या पासपोर्टवर जुनं असेल तर जुनंच लिहा, नवं करायला जाऊ नका. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून कितीतरी जणांचा जन्म गडहिंग्लज किंवा चंदगडचा असतो. राहायला निपाणीत, म्हणून जन्मस्थळ निपाणी लिहितात. पासपोर्टवर महाराष्ट्र असेल तर अर्जातही महाराष्ट्रच. राहण्याचा पत्ता मात्र आजचा द्या.

चेहरा. पांढरी भिंत, उजेड समोरून, चष्मा काढलेला. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत 1 नोव्हेंबर 2016 पासून चष्मा चालत नाही, त्या अर्जाची फाइल 240 केबीच्या आत लागते. फोनमधलं चेहरा उजळवणारं सेटिंग बंद करा. गाल गुळगुळीत केलेला चेहरा पासपोर्टमधल्या चेहऱ्याशी जुळत नाही. आजीबाईंचा पदर कपाळावरून मागे सारा, कुंकू राहू द्या. कॅमेऱ्यासमोर मान वळवायला सांगणारी थेट तपासणी असेल तर त्यांना आधी एकदा नुसता सराव करून दाखवा, म्हणजे त्या गोंधळत नाहीत. खानापूरच्या जंगलपट्टीत नेटवर्क मध्येच जातं. ही पायरी शहरात किंवा चांगल्या वायफायवर करा.

सही चढवायची असेल तर पासपोर्टवर आहे तशीच. तिथे मराठीत असेल तर इथेही मराठीत.

पैसे भरण्याआधी दुसऱ्या माणसाला शेजारी बसवा. त्याने पासपोर्टवरून एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, तुम्ही पडद्यावर बोट ठेवून पाहायचं. भरून झाल्यावर स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, आणि व्हिएतनामच्या ई-व्हिसाचे 25 डॉलर अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाहीत. अर्जाचा क्रमांक लगेच कागदावर उतरवा.

व्हिसा आला की छापून घ्या आणि नाव, नंबर, जन्मतारीख पुन्हा पासपोर्टशी ताडा. एक अक्षर जरी चुकलेलं दिसलं तरी तो कागद घेऊन विमानतळावर जाऊ नका. वेळ असतानाच दुरुस्ती मागा, नाहीतर नव्याने अर्ज करा. विमानाचं तिकीटही त्याच दोन ओळींतल्या नावाने काढलेलं असलं पाहिजे.