यीस्ट धुऊ नका, बिअरखालीच ठेवा

अमेरिकेतल्या पोर्टलंडहून तासाभरावर हूड रिव्हर भागात वायीस्ट या यीस्ट बनवणाऱ्या कंपनीची प्रयोगशाळा आहे, तरी आमच्या दुकानात द्रवरूप यीस्टच्या पाकिटाला दहा डॉलरच्या वर मोजावे लागतात. घरी बिअर तयार होते तेव्हा फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) तळाशी तेच यीस्ट कितीतरी पटींनी वाढून बसलेलं असतं. ते मोरीत ओतणं मला बघवत नाही, म्हणून घरातल्या फ्रिजचा एक कप्पा मी त्याच्यासाठीच ठेवलाय.

आधी बिअर पारखायची. मूळ घनता (आंबण्याआधीच्या गोड द्रवाची, पाण्याच्या तुलनेत) १.०६०च्या आतली, फिकट आणि बेताची कडू असेल तिचंच यीस्ट धरा. कडक बिअरमधल्या अल्कोहोलने ते थकतं, आणि आयपीए या कडू बिअरमध्ये हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) राळ पेशींना चिकटून बसते. बिअर चाखून बघा. आंबूस किंवा औषधी वास आला, तर खालचा साकाही फेकून द्या. तिथे जीव अडकवू नका.

अर्ध्या लिटरच्या काचेच्या बरण्या उकळून घ्या. झाकणं आणि फर्मेंटरचं तोंड स्टार सॅन या जंतुनाशकाच्या पाण्याने (लिटरला दीड मिली) दोन मिनिटं ओलं राहू द्या. बिअर बाटल्यांत भरताना तळाशी दोन बोटं शिल्लक ठेवा. तेवढ्यातच फर्मेंटर गोल फिरवून साका सुटा करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. जड गाळ आधी खाली बसतो. वरचं दाटसर द्रव बरणीत ओता आणि गाळ दिसू लागला की हात थांबवा. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या बरणीत थर दिसतील: वर निवळ बिअर, मधे पिवळसर-पांढरं यीस्ट, तळाशी तपकिरी-हिरवट पट्टा. मधला थर जाड असला की काम झालं.

बरेच जण इथे उकळून गार केलेलं पाणी घालून यीस्ट धुतात. मी धुवत नाही, तुम्हीही धुऊ नका. बिअरचा पीएच चारच्या थोडा वर असतो, शिवाय तिच्यात अल्कोहोल आणि हॉप्स असतात. हे तिन्ही मिळून जिवाणूंना थोपवतात, आणि पाणी घातलं की ते संरक्षणच पातळ होतं. जरासा गाळ सोबत आल्याने पुढच्या बिअरचं काहीही बिघडत नाही. मोठे कारखाने फॉस्फोरिक आम्लाने पीएच दोन-अडीचवर आणून यीस्ट धुतात, पण ते काम पीएच मीटर हाताशी ठेवून करायचं.

झाकण घट्ट लावू नका. यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडत राहतं आणि काच फुटू शकते. बरणी १ ते ४ अंश सेल्सिअसला, फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. फ्रीजरमध्ये तर मुळीच नको, बर्फाने पेशी फाटतात. बरणीवरच्या चिकटपट्टीवर यीस्टचं नाव, तारीख, आधीची बिअर आणि कितवी पिढी (म्हणजे कितव्यांदा वापरलंय) ते लिहा. माझ्या एका बरणीवर आत्ता आहे: ‘१०५६, पेल एल, पिढी २’ (१०५६ हा वायीस्टच्या यीस्टचा क्रमांक). चार-पाच पिढ्यांनंतर नवं पाकीट आणा, कारण बाहेरचे जंतू आणि यीस्टमधले बदल साठत जातात.

दोन आठवड्यांच्या आत वापरणार असाल तर वरची बिअर ओतून टाका आणि यीस्ट थेट वर्टमध्ये (न आंबलेल्या गोड द्रवात) घाला. १.०४८ घनतेच्या वीस लिटर एलला (उबेत आंबवलेल्या बिअरला) साधारण १८० अब्ज पेशी लागतात. भज्यांच्या पिठाइतपत दाट यीस्टच्या एका मिलीत अब्जभर तरी पेशी असतात. गाळ आणि मेलेल्या पेशी धरून मी दीडशे ते दोनशे मिली घेतो. थंडाव्यात आंबवायच्या लागरला याच्या दुप्पट.

त्याहून जुनं असेल तर स्टार्टर करा, म्हणजे थोड्या गोड द्रवात यीस्ट आधी वाढवून घ्या. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम कोरडं मॉल्ट अर्क पंधरा मिनिटं उकळा, २० अंशांपर्यंत गार करा आणि त्यात यीस्ट सोडा. दुसऱ्या दिवसापर्यंत फेस धरला नाही तर ती बरणी गेली. यीस्ट तपकिरी पडून जळक्या रबराचा किंवा मांसाच्या रश्श्याचा वास आला, तर स्टार्टरचाही खटाटोप नको. तीन महिन्यांपुढचं मी ठेवतच नाही.

अमेरिकेत घरी बिअर करायला १९७९ पासून संघराज्याच्या कायद्याने मोकळीक आहे, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्यांनी हे फक्त वाचावं.

साक्यातून यीस्ट काढायचा कंटाळा असेल तर पाकिटातूनच स्टार्टर दुप्पट करा आणि अर्धा बरणीत ठेवा. हॉप्स नाहीत, गाळ नाही, आणि पिढीही पहिलीच. फक्त हॉप्सचं संरक्षण नसल्याने अशी बरणी महिन्याभरात संपवा.