ऑटिझम असताना सोलापुरात नववी-दहावी कशी काढायची

शाळेत जाऊन "सर, मला ऑटिझम आहे" एवढंच सांगितलंस तर काही बदलत नाही. सर "काळजी करू नको" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी तोच बाक, तोच करकरणारा पंखा. त्याऐवजी "सर, पंख्याखाली बसलो की फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही, मला भिंतीकडची जागा द्या" असं सांग. बहुतेक वेळा त्याच तासाला जागा मिळते. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच धर्तीवर आहे.

मी पूर्व भागातला. घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. नाना, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर जातात, अम्मा विड्या वळते. ऑटिझमचं निदान आठवीत झालं, आता बारावीत आहे.

आधी आपल्याला नेमकं काय सोसत नाही ते शोध. "मला आवाज सहन होत नाही" हे माझ्या बाबतीत अर्धंच खरं होतं. नानांच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात मी निवांत बसून गणितं सोडवायचो, कारण तो आवाज एका लयीत चालतो. शाळेची घंटा, बाक ओढल्याचा आवाज, मागून अचानक कुणीतरी "काय बे!" म्हणून पाठीत घातलेली थाप, हे मात्र सोसायचं नाही. म्हणजे त्रास आवाजाचा नव्हता, अचानकपणाचा होता. वहीच्या शेवटच्या पानावर आठवडाभर लिहून ठेव: कुठला तास, काय झालं, त्यानंतर किती वेळ डोकं चाललं नाही. गणवेशाची कॉलर टोचते, डब्यांचा वास येतो, हेही लिही. कॉलरचं लेबल घरीच कापता येतं, त्यासाठी कुणाकडे जायला नको.

मग त्या यादीतल्या दोन-तीन गोष्टी निवड आणि अर्ज दे. तोंडी सांगितलेलं वर्गशिक्षक बदलले की पुसलं जातं. माझा अर्ज साधारण असा होता:

"मा. मुख्याध्यापक यांस, मी इयत्ता नववीचा विद्यार्थी असून मला ऑटिझम आहे. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार पुढील सोय मिळावी: १) भिंतीकडची कायमची जागा. २) परिपाठाला रांगेच्या शेवटी, लाउडस्पीकरपासून लांब उभं राहण्याची परवानगी. ३) त्रास वाढल्यास न विचारता दहा मिनिटं वर्गाबाहेर जाण्याची परवानगी."

खाली पालकांची सही. दोन प्रती काढ आणि एकीवर शाळेचा शिक्का नि तारीख घे. कार्यालयातले काका कुरकुरतील, कुरकुरू देत.

तिसऱ्या मागणीवर शिक्षक अडतात. "मग सगळेच बाहेर जातील" हे उत्तर ठरलेलं. त्यावर आधीच खूण ठरवायची. मी लाल वही बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायचो, मॅडम मान हलवायच्या, मी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहायचो. कुठे जाणार आणि किती वेळात परत येणार हे ठरलेलं असलं की शिक्षकांची भीती जाते. खिशात सोलापुरी चादरीच्या दशांचा एक तुकडा असायचा, तो बोटांनी चोळत राहिलं की लवकर शांत व्हायचो. कुणी हसलं तर हसू दे. हात दाबून ठेवण्यात जितकी ताकद जाते तितक्यात भूगोलाचा एक धडा होतो.

मधली सुट्टी आणि ऑफ तास हे खरे कठीण. तासाला निदान कुणीतरी एकच बोलत असतं. यावर उपाय म्हणजे एखादं काम मागून घेणं. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, प्रयोगशाळेत काचसामान पुसणं, काहीही. नुसतं "मला ग्रंथालयात बसू द्या" म्हटलं तर नकार येऊ शकतो, काम करणाऱ्या पोराला कुणी हाकलत नाही. चिडवणाऱ्यांबद्दल तक्रार करतानाही नाव, तारीख, शब्द लिहून दे. "सगळे त्रास देतात" म्हटलं की वर्गाला एक भाषण मिळतं, आणि त्या भाषणानंतर त्रास वाढतो.

वेळापत्रक बदलण्याचे काळ आधीच माहीत असतात, तेवढा त्यांचा फायदा. उन्हाळा लागला की शाळा सकाळची होते. आठवडाभर आधीपासून रोज थोडं लवकर उठायला लाग. गणपतीच्या आधी लेझीमचा सराव सुरू होतो आणि सोलापुरात लेझीम नको म्हणणारा पोरगा म्हणजे जगावेगळा. मी नोंदवही धरायचं काम घेतलं आणि कानात मेडिकलमधले फोमचे बोळे घातले. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाकडून शाळेचा रस्ता असेल तर दुसरा रस्ता डिसेंबरातच चालून बघ.

अभ्यासात मला सगळ्यात जास्त छळलं ते मराठीच्या कृतिपत्रिकेतल्या "स्वमत" प्रश्नाने. "तुमचे मत लिहा" म्हणे. माझं मत नसायचंच, किंवा एका ओळीत संपायचं. शेवटी बाईंना विचारलं की गुण नेमके कशाला देता. मग साचा केला: पहिल्या वाक्यात हो की नाही, दुसऱ्यात धड्यातला एक प्रसंग, तिसऱ्यात आपल्या गल्लीतलं एक उदाहरण, चौथ्यात "म्हणून". हे पाठांतर नव्हे, साचा पक्का असला की आत भरायला सुचतं. तोंडी परीक्षेलाही विषय आधी विचारून घे.

आता कागदपत्रं. ही नववीतच हातात हवीत. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा आणि तपासणीला सिव्हिलमध्ये जायचं. ऑटिझमसाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनपद्धत वापरतात आणि लहानपणाबद्दल खूप विचारतात. सोबत असं माणूस ने ज्याला तुझं लहानपण आठवतं आणि सांगताही येतं. अम्माचं मराठी तुटक, म्हणून माझी अक्का आली. लाजेपोटी "तसा हुशार आहे हो" असं घरच्यांनी बोलू नये, हे त्यांना रिक्षातच बजाव. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व नोंदलं गेलं तर कायद्याच्या भाषेत ते लक्षणीय धरतात.

दहावीला दर तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकही मिळतो, तो तुझ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. मी फक्त वेळ घेतला. दुसऱ्याला सांगून लिहून घेणं मला लिहिण्यापेक्षा अवघड जातं. तुला जमत असेल तर त्याच पोराबरोबर घरी दोन-तीन पेपर सोडव. प्रस्ताव शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जातो, त्यामुळे दिवाळीनंतर दर आठवड्याला "गेला का?" हे विचारायला लाजू नकोस. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेतून सूट हवी असेल तर त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये तिचाही उल्लेख आहे.

परीक्षा केंद्र बऱ्याचदा दुसऱ्या शाळेत असतं. आदल्या दिवशी बैठकव्यवस्था लागते तेव्हा जा, आपली खोली, पंखा, खिडकी, स्वच्छतागृह बघून ये. मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स रोज खिशात ठेव, पर्यवेक्षक रोज नवे असतात.

आणि निकालानंतर दाखला आणायला जाशील तेव्हा त्या मंजुरीची प्रतही मागून घे. ज्युनिअर कॉलेजला तुझी फाइल आपोआप जात नाही, अकरावीला पहिल्याच आठवड्यात नवा अर्ज द्यावा लागतो.