आघाताची लक्षणे एकमेकांना कशी वाढवतात आणि ही साखळी कुठे तोडावी: आपत्कालीन सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी

वर्दी मिळताच निघणारा अग्निशमन दलाचा जवान, १०८ रुग्णवाहिकेवरील डॉक्टर, लोकलखाली आलेल्या माणसाला रुळांवरून उचलणारे रेल्वे पोलीस आणि स्ट्रेचर वाहणारे हमाल यांना मुंबईत जे रोज पाहावे लागते, त्याचा परिणाम मनावर होणे हा दुबळेपणा नव्हे. अडचण अशी की त्रास सांगताना तो तुकड्यातुकड्यांत सांगितला जातो. झोपेची तक्रार एका डॉक्टरकडे जाते, पित्ताची दुसऱ्याकडे आणि घरातल्या चिडचिडीची तक्रार तर कुणाकडेच जात नाही. या तक्रारी एकमेकींना खतपाणी घालत असतात, म्हणून कोणती लक्षणे आहेत याइतकेच ती कोणत्या क्रमाने येतात हेही पाहावे.

आघातोत्तर ताण विकारात (पीटीएसडी, म्हणजे भीषण घटनेनंतर मनात टिकून राहणारा त्रास) लक्षणांचे चार गट मानले जातात: नको असताना घटना पुन्हा डोळ्यांसमोर येणे, तिची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, विचार आणि भावना काळवंडणे, आणि शरीर सतत सावध राहणे. यांपैकी सावधपणा हा या नोकरीचा भागच असल्याने तो लक्षण म्हणून सहसा ओळखला जात नाही. ड्युटी संपल्यावरही शरीर सावधच राहिले की झोप उथळ होते, अपुऱ्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशी राग आवरत नाही, घरात भांडण होते, मग बोलणे कमी होते आणि एकटेपणात तीच दृश्ये अधिक जोमाने परत येतात.

टाळण्याचे रूपही इथे वेगळे असते. सामान्य माणूस अपघाताचा रस्ता टाळू शकतो, पण घंटा वाजल्यावर जवानाला जावेच लागते. त्यामुळे तो जागा टाळत नाही, भावना टाळतो. मृतदेह उचलताना ही बधिरता उपयोगी पडते, मात्र घरी आल्यावर ती आपोआप उतरत नाही आणि मुलाने हौसेने दाखवलेले चित्र पाहूनही आत काहीच हलत नाही. कुटुंबाला हे प्रेम आटल्यासारखे वाटते आणि त्याला स्वतःलाही तसेच वाटू लागते. माझ्या मते या साखळीतला हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत क्लेशकारक दुवा आहे.

आपली साखळी शोधण्यासाठी दोन आठवडे एका वहीत थोडक्यात नोंद करावी: काय घडले, शरीरात काय जाणवले, मी काय केले, आणि त्यानंतर काय झाले. उदाहरणार्थ, ‘जळक्या वायरीचा वास आला, छाती धडधडली, घरी येताना दारू घेतली, पहाटे तीनला दचकून जागा झालो.’ अशा चार-पाच नोंदी झाल्या की कोणता दुवा वारंवार येतो ते दिसू लागते.

सुरुवात शक्यतो झोपेपासून करावी, कारण इतर बरेच दुवे तिथेच जोडलेले असतात. रात्रपाळीनंतर खोलीत अंधार करून झोपावे आणि पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते आणि दुःस्वप्ने वाढू शकतात. झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. अल्प्राझोलामसारख्या औषधांची सवय लागते आणि आघाताचा मूळ त्रास त्यांनी बरा होत नाही.

‘वाहतूक कोंडी नसती तर तो वाचला असता’ ही अपराधी भावना माणसाला गप्प करते, आणि गप्प राहिल्याने ती तपासलीच जात नाही. त्या क्षणी आपल्याला काय ठाऊक होते आणि आपल्या हाती काय होते, हे विश्वासू सहकाऱ्यासमोर मोठ्याने मांडावे.

केंद्रप्रमुखांनी घटनेनंतर लगेच सर्वांना बसवून प्रसंग सांगायला लावू नये. अशा एकाच बैठकीतील सक्तीच्या कथनाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही. आधी जेवण, विश्रांती आणि घरी फोन एवढे पाहावे, मग काही दिवसांनी आणि महिन्याने पुन्हा प्रत्येकाची एकट्याने विचारपूस करावी. २६ नोव्हेंबर २००८ सारख्या हल्ल्यानंतर सगळ्यांचे लक्ष जाते, पण दर आठवड्याच्या लहान घटनांचा साठत जाणारा भार कुणी मोजत नाही, म्हणून मोठी घटना घडण्याची वाट पाहू नये.

त्रास महिन्याहून अधिक टिकला किंवा कामावर आणि घरात अडथळा येऊ लागला, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. केईएम, नायर आणि शीव येथील रुग्णालयांत ही सेवा आहे. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. नोकरीत कळेल या भीतीने अनेकजण मागे राहतात, परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार काही ठरावीक अपवाद वगळता उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. जाताना ती वही सोबत न्यावी, आणि आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार (विचार आणि सवयी बदलण्याचे समुपदेशन) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणींवर काम करणारी पद्धत) मिळू शकेल का, असे स्पष्ट विचारावे.