गरब्याच्या रात्री कानातील चेतासंधी कशा जपाव्यात

वडोदऱ्यात नवरात्रातील गरब्याला निघताना फोमचे इअरप्लग सोबत घ्यावेत. प्लग बोटांनी वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर व मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. सैल बसलेला प्लग फारसा उपयोगी पडत नाही.

यामागचे कारण समजून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रत्येक कानात आतील केशपेशी, म्हणजे आवाजाची कंपने टिपणाऱ्या पेशी, केवळ ३,५०० च्या आसपास असतात. त्यांच्या चेतासंधींवर, म्हणजे पेशी आणि मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतातंतूंच्या जोडांवर, रिबआय या प्रथिनाची फीत संदेशद्रव्याच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) सज्ज ठेवते, कॅल्शियम आत येताच ओटोफर्लिन हे प्रथिन त्या रित्या करवते आणि भोवतालच्या आधारपेशींतून मिळणारे न्यूरोट्रॉफिन-३ हे चेतापेशींना पोसणारे प्रथिन ही जोडणी टिकवण्यास मदत करते. मोठ्या आवाजानंतर उंदरांची श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत दिसली, तरी बाधित भागातील सुमारे निम्म्या चेतासंधी नष्ट झाल्या होत्या, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणजे दुसऱ्या दिवशी नीट ऐकू आले, एवढ्यावर विसंबू नये.

स्पीकरपासून दूरच्या बाजूला खेळावे, कारण १०० डेसिबलला दिवसाची सुरक्षित मर्यादा अवघी १५ मिनिटे मानली जाते. लहान मुलांना स्पीकरजवळ मुळीच बसवू नये. कानात गुणगुण सुरू झाल्यास त्या रात्री पुन्हा मैदानात उतरू नये.