टॅरो शिकताय? आधी प्रश्न विचारायला शिका

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात मोठा निर्णय देवीला विचारल्याशिवाय कधी झाला नाही. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा बाबांचा ट्रक दारात उभा राहिला. आम्ही कुळदेवीला प्रसाद लावायला, म्हणजे कौल घ्यायला गेलो. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या, बाबा भटजींना सगळी हकीकत सांगताहेत: कर्ज, हप्ते, भावाचं कॉलेज. भटजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळं देवीला ठाऊक आहे. तू विचारतोस काय, तेवढं सांग. ट्रक विकू की ठेवू?" मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही उजवी पाकळी पडते की डावी, ते बघत उभे राहिलो.

टॅरो, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून त्यांवरून प्रश्नाचा विचार करणं, शिकायला लागल्यावर मला तो दिवस पुन्हा पुन्हा आठवायचा. पानं वाचण्यातलं, रीडिंगमधलं, निम्मं काम भटजींनी त्या एका वाक्यात केलं होतं. आता मी इतरांसाठी पानं काढते, आणि नवीन मुली विचारतात, "ताई, अठ्ठ्याहत्तर पानांचे अर्थ पाठ व्हायला किती दिवस लागतात?" अर्थ तीन-चार महिन्यांत पाठ होतात. समोरच्याचा प्रश्न सरळ करून घ्यायला मला तीन वर्षं लागली.

माझा पहिला क्लास दोन दिवसांचा होता. फी भरपूर, शेवटी प्रमाणपत्र, आणि हातात 78 अर्थांची झेरॉक्स. ती झेरॉक्स घेऊन मी लगेच लोकांना सांगायला बसले आणि पहिल्याच वर्षी फार मोठी चूक केली. ओळखीतल्या एका दादांनी विचारलं, "नवी नोकरी कधी लागेल?" कप्स म्हणजे प्याल्यांच्या गटातलं तिसरं पान आलं, आनंदोत्सवाचं. मी बेधडक म्हटलं, "तीन महिन्यांत." त्यांनी हातातली नोकरी सोडली. तीन महिने गेले, सहा गेले. ते माझ्यावर रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. त्या दिवसापासून मी कुणालाही तारीख सांगितलेली नाही. तुम्हीही सांगू नका.

आता पानांकडे येते. 78 पैकी 22 पानं मेजर अर्कानाची, म्हणजे मुख्य: शून्य क्रमांकाच्या 'फूल' म्हणजे मूर्खापासून एकविसाव्या 'वर्ल्ड' म्हणजे जगापर्यंत. उरलेली 56 मायनर, म्हणजे दुय्यम. चार गट आणि प्रत्येकात चौदा पानं. वाँड्स (सोटे) म्हणजे अग्नी, कप्स (प्याले) म्हणजे पाणी, स्वोर्ड्स (तलवारी) म्हणजे वायू, पेंटॅकल्स (नाणी) म्हणजे पृथ्वी. मी शिकवताना मेजर अर्कानाला आकाश म्हणते, मग पंचमहाभूतं पुरी होतात आणि आपल्या मुलींच्या ते चटकन लक्षात राहतं. शेजारच्या आजोबांना मी एकदा डेक, म्हणजे पानांचा संच, दाखवला. पोर्तुगीज शाळेत शिकलेले ते. चार गट बघून म्हणाले, "हे तर कोपश, इश्पादश, ओरुश, पाउश!" बरोबरच होतं. पोर्तुगीजमध्ये साध्या पत्त्यांच्या रंगांना आजही प्याले, तलवारी, सोनं आणि सोटे याच अर्थाची नावं आहेत.

कारण टॅरो मूळचा पत्त्यांचा खेळच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो सुरू झाला. शकुन बघण्यासाठी ही पानं मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. हे इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान आहे असं तुम्हाला सांगतील. ती कल्पना कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने 1781 मध्ये मांडली आणि तिला पुरावा नाही. हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस खट्टू होते. मग वाटलं, शेंदूर लावलेला दगडही डोंगरातूनच आलेला असतो. त्याचं देवपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या नमस्कारातून येतं. तेव्हापासून मी इतिहास लपवत नाही.

सुरुवातीला रायडर-वेट डेकच घ्या. 1909 मध्ये लंडनला निघालेला हा डेक आर्थर वेट यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढला. डेकच्या नावात तिचं नाव नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. जुन्या मार्सेय डेकमध्ये मायनरच्या आकड्यांच्या पानांवर नुसत्या तलवारी आणि प्याले मांडलेले असतात. स्मिथबाईंनी त्यांतल्या बहुतेक पानांवर माणसं आणि प्रसंग काढले. नवशिक्याला वाचता येतात ते प्रसंग. आणि आपल्या पावसाळ्याचं एक लक्षात ठेवा: जूनपासून पानं दमट होऊन एकमेकांना चिकटतात, नीट पिसली जात नाहीत. मी डबीत तांदळाची पुरचुंडी ठेवते.

पानं खरंच काही सांगतात का? पिसलेल्या गठ्ठ्यातून पान योगायोगानेच येतं, असं मी मानते. त्यापुढे जे घडतं ते मात्र योगायोगाचं नाही, आणि ते एका उदाहरणानेच सांगता येईल. त्या मावशींना विचारून, ओळख पटेल असं सगळं वगळून लिहिते.

मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला. मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. "बाय, तो परत कधी येणार, तेवढं बघ." मी म्हटलं, "मावशी, ते त्याच्या हातात आहे. तुमच्या हातातलं काय विचारूया?" बराच वेळ गेला. पंखा फिरत होता. मग म्हणाल्या, "तो नसताना मी दिवस कसे काढू, हे विचार." पानं त्यांनीच पिसली, एक ओढलं. कप्सचं पाचवं.

त्यावर काळ्या झग्यातली एक आकृती खाली मान घालून उभी आहे. समोर तीन प्याले सांडलेले. मी अर्थ सांगितला नाही, फक्त म्हटलं, "काय दिसतं ते सांगा." मावशींनी चष्मा पुसला, पान डोळ्यांजवळ धरलं. "सांडलंय त्याकडेच बघते ही." थोड्या वेळाने, "मागे दोन उभे आहेत गं." आणि मग बोट ठेवून, "हा पूल आहे? पलीकडे घर?" त्यांचा आवाज बदलला. मुलगा गेल्यापासून त्या धालोला, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाला, मांडावर गेल्याच नव्हत्या. पूर्वी ओव्या त्याच धरायच्या. हे मला कुठून कळणार होतं? पानाला तरी कुठून? ते त्यांच्या आत होतं. बोलायला एक चित्र आणि गप्प बसून ऐकणारं माणूस हवं होतं. स्वतःच्या दुःखाकडे क्षणभर बाहेरून बघणं, साक्षीभाव म्हणतात तो, तेव्हा समोर घडत होता. मी त्याला प्रार्थनाच मानते. टॅरोचा आध्यात्मिक अर्थ मला विचाराल तर तो एवढाच, आणि तो मला पुरेसा आहे.

म्हणून भीती घालणाऱ्यांचा मला संताप येतो. 'डेथ'चं पान आलं की "शांती करा, इतके हजार लागतील" असं सांगणारे आहेत. त्या पानावर पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा आहे, तसा मागे दोन बुरुजांमधला सूर्यही आहे. तो दाखवायचा. आजार, गर्भ, कोर्टाचा निकाल, कुणाचं मरण: यावर पान काढायचंच नाही. डॉक्टर किंवा वकिलाकडे पाठवायचं. आणि तोच प्रश्न घेऊन आठवड्याने परत आलेल्याला प्रेमाने घरी पाठवायचं.

पैशांचं सांगायचं तर पहिलं वर्षभर फी घेऊ नका. नंतर घ्या ती वेळेची, ठरलेली, आधी सांगितलेली. मी हणजूणच्या बुधवारच्या बाजारात एक सीझन बसले. दहा मिनिटांत प्रश्न सरळ होत नाही, म्हणून सोडलं. सीझन संपला की मिळकतही आटते. मी अजून सकाळी हिशेब लिहायचं काम करते, आणि घर त्यावर चालतं म्हणूनच संध्याकाळी कुणाला "हा प्रश्न मी घेणार नाही" असं म्हणू शकते.

केल्टिक क्रॉस ही दहा पानांची मांडणी, उलटी पडलेली पानं, हे सगळं पुढे होईल. आज रात्री एकच पान काढा. पुस्तक उघडायच्या आधी वहीत पाच ओळी लिहा: कोण आहे, कुठे बघतंय, हातात काय आहे, मागे काय आहे, आणि तुमचं लक्ष आधी कुठे गेलं. पानाच्या वर, तारखेखाली, तुमचा प्रश्न लिहायला विसरू नका.